प्रोग्रामिंग भाषांची तत्त्वे
संगणक अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणातील एक पायाभूत विषय. एखादी भाषा वापरायला शिकवणे हा त्याचा हेतू नाही. भाषा कशा घडतात आणि परस्परांहून वेगळ्या का असतात, हे तो उलगडतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या (स्थापना १९४९) २०१९च्या आराखड्यात हा विषय दुसऱ्या वर्षाला होता.

अभ्यासक्रमात भाषांचा इतिहास, डेटा टाइप, चलांची व्याप्ती आणि फंक्शनला मूल्ये देण्याच्या पद्धती येतात. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड शैलीसाठी जावा (१९९५) सविस्तर शिकवतात; फंक्शनल शैलीसाठी लिस्प (१९५८) व तर्काधिष्ठित शैलीसाठी प्रोलॉग (१९७२) यांची ओळख करून देतात.

टाइपचे महत्त्व एका ओळीत दिसते. अवतरणचिन्हांतील "५" ही अक्षरमाला. तिच्यात ३ ही संख्या मिळवायची. जावा संख्येची अक्षरमाला करून "५३" देते. पायथॉन ती ओळ चालवताना टाइपची चूक दाखवून थांबते. पास्कल तर प्रोग्राम चालण्याआधीच, कंपायलरच्या टप्प्यावर, तो नाकारते. चिन्हे तीच, अर्थ मात्र भाषेच्या नियमांनी ठरतो.

म्हणूनच हा विषय केवळ परीक्षेपुरता घोकणे हे विद्यार्थ्याचे मोठे नुकसान आहे. भाषा कालबाह्य होतात, तत्त्वे टिकतात. ती ज्याला उमगली, त्याला नवी भाषा परकी वाटत नाही.