आकाशातून पडलेली पत्रे

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सलग तीन रात्री दिवा मालवू देईना. वय वर्षे दहा. खोदून खोदून विचारल्यावर तिने आईचा मोबाईल पुढे केला. वर्गमैत्रिणीकडून आलेला एक संदेश त्यात होता. तेरेसा फिदाल्गो नावाच्या मृत मुलीच्या तोंडी तो मजकूर घातलेला होता. हे वीस जणांना धाडा, न धाडाल तर रात्री मी तुमच्या उशाशी येईन, असा त्याचा आशय. पोरीने वीस जण जमविण्याची खटपट केली होती. परंतु ओळखीचे तेराच भरले. उरलेल्या सातांपायी तिची झोप उडाली होती.

तेरेसा फिदाल्गो हे पोर्तुगालमधील दाव्हिद रेबोर्दाँव या दिग्दर्शकाने २००३ साली केलेल्या एका लघुपटातील पात्र आहे. १९८३ साली सिंत्रा गावाजवळ मोटार अपघातात ती वारली, ही कथाही त्याचीच. जी मुलगी जन्मलीच नाही ती मरणार कशी आणि उशाशी येणार कशी, असे मी भाचीला समजावले. तिने ते ऐकून घेतले आणि विचारले, "पण मामा, असं पत्र पहिल्यांदा लिहिलं कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मनुष्य थेट ख्रिस्तसभेच्या इतिहासात जाऊन पोहोचतो. तो इतिहास आपण आपल्या मुलांना सहसा सांगत नाही.

सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमधील कार्ताहेना येथे लिसिनियानुस नावाचे बिशप होते. इबिझा बेटावरील बिशप व्हिन्सेंशियस यांनी त्यांच्याकडे एका पत्राची प्रत धाडली. हे पत्र प्रत्यक्ष प्रभू ख्रिस्ताने लिहिले असून ते आकाशातून खाली पडले आहे, अशी वदंता होती. रविवार पवित्रपणे पाळा, ही त्यातील आज्ञा. व्हिन्सेंशियस यांचा त्यावर इतका विश्वास बसला, की त्यांनी ते मंदिरात लोकांसमोर वाचवून घेतले. लिसिनियानुस यांनी आरंभीच्या ओळी वाचल्या आणि पत्र आणणाऱ्याच्या देखत ते फाडून जमिनीवर टाकले. मग त्यांनी आपल्या बंधू बिशपांना जे उत्तर लिहिले ते आजही उपलब्ध आहे. या पत्राची भाषा नीट नाही, शिकवण शुद्ध नाही, तुम्ही यावर विश्वास ठेवलात तरी कसा, असे ते विचारतात. व्यासपीठावरून हे वाचवून घेतल्याचा पश्चात्ताप करा आणि शक्य झाल्यास लोकांच्या डोळ्यांदेखत ते फाडून टाका, असा त्यांचा सल्ला आहे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. रविवार पाळा, या सांगण्यात वाईट काय होते? कोणत्याही धर्मगुरूला ते हवेच असणार, आणि व्हिन्सेंशियस फसले ते बहुधा याच कारणाने. हेतू चांगला दिसला म्हणजे साधनाकडे आपण काणाडोळा करतो. लिसिनियानुस यांनी तो केला नाही.

परंतु फाडलेले पत्र मरत नाही. ७४५ साली पोप झकारियास यांच्या अध्यक्षतेखाली रोममध्ये धर्मसभा भरली. संत बोनिफास यांनी आल्डेबर्ट नामक एका भोंदू बिशपाविरुद्ध तक्रार केली होती. हा गृहस्थ आपली नखे व केस अवशेष म्हणून भाविकांना वाटीत असे. त्याच्यापाशीही येशूचे पत्र होतेच; ते म्हणे जेरुसलेममध्ये पडले आणि मिखाएल महादूताला सापडले. सभेत ते वाचून दाखविण्यात आले आणि आल्डेबर्ट दोषी ठरला. पुढे ७८९ साली शार्लमेन राजाने आपल्या आज्ञापत्रात आकाशातून पडल्याचे सांगितल्या जाणाऱ्या अशाच पत्राचा उल्लेख करून, ते वाचू नये, जाळून टाकावे, असे फर्माविले.

बिशप, पोप आणि राजा, तिघांनाही हे पत्र पुरून उरले. याचे मर्म त्याच्या रचनेत आहे. जो याची प्रत काढून पुढे देईल त्याची पापे आकाशातील ताऱ्यांइतकी असली तरी क्षमा होतील, आणि जो दडवून ठेवील तो शापित होईल, असे वचन पुढील काळातील प्रतींमध्ये आढळते. पत्र आपल्या प्रसाराची तरतूद स्वतःच करून निघते. जर्मन भाषिक प्रदेशात त्याला 'हिमेल्सब्रीफ' म्हणजे स्वर्गपत्र म्हणत. बंदुकीची गोळी लागू नये म्हणून पहिल्या महायुद्धातील कितीतरी जर्मन सैनिकांनी ते खिशात बाळगले होते.

विसाव्या शतकात टपालखात्याने त्याला पंख दिले. अमेरिकेत एक 'प्राचीन प्रार्थना' फिरू लागली. नऊ दिवसांत नऊ प्रती धाडा, साखळी तोडणाऱ्यावर संकट येईल. मग पैशाचा हव्यास शिरला. १९३५ च्या वसंतात डेन्व्हर शहरातून निघालेल्या पत्रात सहा नावे असत. पहिल्या नावाला एक डाइम, म्हणजे दहा सेंट, धाडायचे, ते नाव खोडायचे, तळाशी आपले लिहायचे आणि पाच प्रती काढायच्या. साखळी अखंड राहिली तर १५,६२५ डाइम घरी येणार होते! डेन्व्हरचे टपाल कार्यालय पत्रांच्या पुरात बुडाले.

आपल्याकडे पोहोचले ते संत जूद यांच्या नावाचे पत्र. व्हेनेझुएलातील एका मिशनऱ्याने ते लिहिले, फिलिपीन्समधील एका जनरलने पुढे धाडले नाही म्हणून त्याची पत्नी दगावली, अशी हकीकत त्यात असे. चार्ल्स बेनेट या शास्त्रज्ञाने १९८० ते १९९५ या काळातील अशी ३३ पत्रे जमविली. हस्तलिखितांच्या नकला करताना चुका साठत जातात, तशी नावे व रकमा प्रतीगणिक बदलत गेल्याचे त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना आढळले. म्हणजे ज्या जनरलच्या पत्नीला सारे भ्यायले, त्या जनरलचे नावसुद्धा धड ठरलेले नव्हते.

१९८० नंतरच्या दशकात ते आमच्याही घरी आले. मी अकरा वर्षांचा असेन. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळे. नऊ कार्डांचे एक रुपया पस्तीस पैसे. वडील आजारी होते, म्हणून आईला अधिक धास्ती. तिने चार कार्डे लिहून काढली आणि हात थबकला. शेजारच्या आळीतील तिच्या मैत्रिणीला तसलेच कार्ड संतोषीमातेच्या नावाने आले होते. १९७५ च्या त्या चित्रपटानंतर अशा कार्डांचा सुकाळच झाला होता. मजकूर जवळजवळ तोच, नावे तेवढी वेगळी. आई ती चार कार्डे घेऊन आमच्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे गेली. फादर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "ही चार माणसं कोण? त्यांच्याशी तुझं काही वैर आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. आईने कार्डे तेथेच फाडली. उरलेल्या पाच कोऱ्या कार्डांवर तिने नातेवाइकांना सणाची आमंत्रणे लिहिली.

आता मोबाईलवर नऊ कार्डे लिहिण्याचेही कष्ट नाहीत, म्हणून थबकायलाही वेळ मिळत नाही. शिवाय मोठी माणसे सुटली आहेत असे नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये 'मोमो' नावाच्या भेसूर चेहऱ्याने हाहाकार माजविला. तो मुलांना आत्मघाताच्या आज्ञा देतो, अशी बातमी पसरली. चेहरा केइसुके आइसो या जपानी कलावंताच्या शिल्पाचा होता. बालकल्याण संस्थांनी स्पष्ट केले, की अशा इजेचा पुरावा नाही. मुलांपर्यंत तो चेहरा पोहोचविला तो मुख्यतः धास्तावलेल्या पालकांनी, शाळांच्या सूचनांनी आणि वर्तमानपत्रांनी. व्हिन्सेंशियस यांचीच ही आवृत्ती!

आणि भय नेहमी उशाशीच थांबते असे नाही. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा आपल्या राज्यात फिरत होत्या. कराचीत बालसुरक्षेसाठी बनविलेल्या एका चित्रफितीचा शेवट कापून ती खऱ्या अपहरणाची म्हणून देशभर दाखविली जात होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली.

असो. भाचीकडे वळतो. तिच्या हातून मोबाईल काढून घ्यावा, असे बहिणीचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. पुढच्या वेळी मूल संदेश दाखविणार नाही आणि एकटेच घाबरत बसेल. आम्ही तिघे पाटीवर गणित मांडून बसलो. एकाने वीस जणांना, त्या प्रत्येकाने आणखी वीस जणांना धाडले तर पहिल्या फेरीत २०, दुसरीत ४००, तिसरीत ८,०००. सातव्या फेरीत १२८ कोटी. आठव्या फेरीत २,५६० कोटी, आणि पृथ्वीवर माणसे तर ८०० कोटींच्या आसपास. म्हणजे साखळी प्रत्येक वेळी कुठेतरी तुटलीच असणार, आणि तोडणारे तुझ्या शाळेतही असणार, असे मी म्हणालो. शून्ये मोजताना तिला हसू फुटले. लिसिनियानुस यांनी पत्र फाडले तो प्रसंग तिने मला दोनदा सांगायला लावला.

दिवा त्या रात्री मालवला गेला. मात्र सकाळी ती पुन्हा माझ्यासमोर उभी. ज्या तेरा जणांना तिने संदेश धाडला होता त्यांचे काय? याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. तिनेच आईच्या मोबाईलवरून प्रत्येकाला वेगळे लिहिले: मी पाठवलेलं खोटं आहे, घाबरू नकोस, मला माफ कर. अकरा जणांकडून उंचावलेल्या अंगठ्याचे चित्र आले. एकाने कळविले, की आपण ते वाचलेच नव्हते. एका मुलीचे उत्तर आले नाही. तेव्हा रविवारी मिस्सा झाल्यावर भाची तिला गाठण्यासाठी मंदिराच्या पायऱ्यांवर थांबून राहिली.