कापसाचं पाणी

तीन पावसाळ्यांपूर्वी आंबोलीच्या धबधब्यापाशी ट्रायपॉड लावला, लेन्सवर काळा एनडी फिल्टर चढवला आणि दोन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. पाणी अगदी रेशमी आलं. मी खूश. आत्याने मात्र फोटो बघून विचारलं, "हे पाणी आहे की पिंजलेला कापूस?"

गंमत म्हणजे ज्या दुधाळ पाण्यासाठी आम्ही हौशी लोक फिल्टरवर पैसे उडवतो, ते एकोणिसाव्या शतकात फुकट मिळायचं. नको असलं तरी! तेव्हाच्या कलोडियनच्या काचा फारच मंद. काच अंधारात माखायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुवायची. कार्लटन वॉटकिन्सने १८६१ मध्ये हा सगळा पसारा खेचरांवर लादून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत नेला. काचा तरी केवढ्या? १८ बाय २२ इंच! त्याच्या फोटोंत कडे खणखणीत आणि धबधबे म्हणजे नुसते पांढरे पडदे. १८६४ मध्ये लिंकनने ती दरी राखून ठेवायच्या कायद्यावर सही केली, त्यात या फोटोंचा हातभार होता असं मानतात. पुढे १८७८ मध्ये धावता घोडा फोटोंत 'थांबवणारा' मायब्रिज, त्याचे १८७२ चे योसेमिटीतले धबधबेसुद्धा असेच कापसाचे.

लोकांना खरं नवल वाटायचं ते उलट गोष्टीचं. गुस्ताव्ह ल ग्रेने १८५७ मध्ये फ्रान्समधल्या सेत इथे फुटणारी लाट पकडली. आभाळ आणि समुद्र दोन वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन क्षितिजावर जोडले होते. (म्हणजे फोटोशॉपला आपण उगाच शिव्या देतो.)

आणि दागेरने १८३८ मध्ये खिडकीतून टिपलेला पॅरिसचा रस्ता? कित्येक मिनिटांचं एक्स्पोजर. भर दिवसाच्या त्या रस्त्यावरच्या घोडागाड्या, माणसं, सगळी हलत राहिली म्हणून नाहीशी झाली. बुटाला पॉलिश करून घेणारा एक जण तेवढा उभा राहिला, म्हणून उरला.

माझ्या त्या आंबोलीच्या फोटोत बाबा आहेत. "दोन सेकंद हलू नका," एवढंच सांगितलं होतं. पण बाबा आणि स्वस्थ? कुणाला तरी हाक मारायला वळले. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि पाण्यात रोवलेले पाय स्पष्ट आलेत, चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट पट्टा. वाया गेला म्हणून उडवणारच होतो, कसा राहिला कोण जाणे.

बाबांना जाऊन आता दीड वर्ष झालं. परवा आत्याने त्यांच्या फोटोची प्रिंट मागितली. मी चेहरा छान आलेला, लग्नातला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला.

"हा नको रे. तो कापसाचा दे."