धारातीर्थी न पडलेले: युद्धकाळात घरी निवर्तलेल्या राखीव अधिकाऱ्यांची स्मृती

१/ रणांगणावर देह ठेवणाऱ्यासाठी मराठीत ‘धारातीर्थी पडणे’ असा भारदस्त वाक्प्रचार आहे. परंतु युद्ध चालू असताना, सैन्याच्या सेवेत असताना जो न्यूमोनियाने घरच्याच अंथरुणावर गेला, त्याच्यासाठी असा शब्द नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये असे मृत्यू हजारोंनी झाले. त्यांत राखीव दलांतील अधिकारीही होते. त्यांची गणना युद्धमृतांत करायची का, हा प्रश्न काहींच्या बाबतीत शंभर वर्षांनंतरही खुला आहे. #थ्रेड

२/ हे राखीव अधिकारी कोण? युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सुधारणांतून १९०७ चा कायदा झाला आणि १ एप्रिल १९०८ रोजी जुन्या स्वयंसेवक पलटणींची ‘टेरिटोरियल फोर्स’ बनली. एरवी वकिली, डॉक्टरी किंवा व्यापार करायचा, फावल्या वेळात कवायत आणि वर्षातून एकदा छावणी, असे तिचे स्वरूप होते. मिलिशियाची जागा ‘स्पेशल रिझर्व्ह’ने घेतली. याखेरीज ‘रिझर्व्ह ऑफ ऑफिसर्स’ ही निवृत्त अधिकाऱ्यांची यादी होती. गरज पडल्यास त्यांना परत बोलावता येई.

३/ ऑगस्ट १९१४ मध्ये ती गरज पडली. पन्नाशी-साठी गाठलेले अधिकारी पुन्हा गणवेशात आले. तरुण शिपाई त्यांना थट्टेने ‘डग-आउट’ म्हणत. या शब्दाचा एक अर्थ खंदकातील आसरा, दुसरा जमिनीतून उकरून काढलेली वस्तू! नवख्या रंगरुटांना शिकवणे, कोठारे सांभाळणे, पूल आणि लोहमार्गांवर पहारे बसवणे, युद्धकैद्यांच्या छावण्या चालवणे अशी कामे त्यांच्याकडे आली. वाढते वय, थंडीतल्या छावण्या, सरावातील अपघात आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा यांनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला.

४/ आता सन्मानाचा हिशेब पाहू. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ मिळण्यासाठी सैनिकाने परदेशी सेवा केलेली असणे आवश्यक होते. चार वर्षे मायदेशातच राबून मरण पावलेल्या कॅप्टनच्या घरी हे पदक आले नाही. घरच्यांकडे दाखवायला पदक नाही आणि सांगायला लढाईचे नाव नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

५/ मृताच्या निकटच्या आप्तांना दिले जाणारे कांस्य स्मृतिपदक मात्र त्यांना मिळू शके. अशी १३ लाखांहून अधिक पदके वाटली गेली. त्यांवर मृताचे नाव असे, हुद्दा नसे. मायदेशातील सेवेत झालेल्या मृत्यूसाठी त्याची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते १० जानेवारी १९२० अशी होती. व्हर्सायचा तह अमलात आला तो हाच शेवटचा दिवस.

६/ कबरीचा नियम याहून उदार होता. फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून २१ मे १९१७ रोजी ‘इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झाले. १९६० पासून त्याच्या नावात ‘कॉमनवेल्थ’ आले. या संस्थेच्या लेखी पहिले महायुद्ध ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत चालले, कारण ब्रिटनने युद्धसमाप्तीची कायदेशीर तारीख तीच ठरवली होती. त्या मुदतीत सेवेत असताना मृत्यू आला, तर त्याचे कारण विचारले जात नाही. गोळी, ज्वर, मोटार अपघात, सारे समान. जनरल आणि शिपाई यांच्या शिळेची उंचीही एकच: २ फूट ८ इंच.

७/ परदेशात पडलेल्यांचे देह मायदेशी आणण्यास १९१५ मध्ये बंदी झाली, त्यामुळे फ्रान्स-बेल्जियममध्ये शिस्तबद्ध रांगांची विशाल स्मशाने उभी राहिली. घरी मेलेल्याचे तसे नव्हते. त्याला गावच्या चर्चच्या आवारात, बहुधा आईवडिलांशेजारी पुरले गेले. दोन्ही महायुद्धांतील मिळून ब्रिटनमधील अशी स्मृतिस्थाने १२,००० हून अधिक ठिकाणी विखुरली आहेत. अनेक घराण्यांनी सरकारी शिळेऐवजी स्वतःचा दगड बसवला. त्यावर सैन्याचा उल्लेख असेलच असे नाही.

८/ खरी मेख कागदात आहे. आजारी अधिकाऱ्याने प्रकृतीच्या कारणास्तव कमिशन सोडले, की ‘लंडन गॅझेट’मध्ये एक ओळ छापून येई आणि तो माजी अधिकारी होई. त्यानंतर महिन्याभरात जरी तो वारला, तरी नियम बदले: मृत्यू सैन्यसेवेमुळेच ओढवला, हे सिद्ध करावे लागे. निवृत्तांच्या यादीतील माणसाबाबत आणखी एक प्रश्न येतो: मृत्यूसमयी त्याला प्रत्यक्ष सेवेत बोलावलेले होते का? आजार तोच, अंथरूणही तेच; एका तारखेने मात्र युद्धमृत आणि सामान्य मृत असा भेद पडतो.

९/ तुलनेसाठी एक प्रसिद्ध नाव घेऊ. कूर्गमध्ये जन्मलेला विल्यम लीफ रॉबिन्सन हा नियमित सैन्याचा अधिकारी. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे त्याने इंग्लंडच्या आकाशात जर्मन हवाई जहाज पाडले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. पुढे तो जर्मनांचा कैदी झाला, सुटून परतला आणि शस्त्रसंधीनंतर सात आठवड्यांनी, ३१ डिसेंबर १९१८ रोजी इन्फ्लुएन्झाने वारला. तो सेवेत होता आणि त्याला सारा देश ओळखत होता. त्याची नोंद निसटणे शक्यच नव्हते. त्याच साथीत गेलेल्या अनोळखी ‘डग-आउट’ मेजरची नोंद व्हायला कुणीतरी कार्यालयाला कळवणे आवश्यक होते. दुःखात बुडालेल्या कित्येक घरांतून ते कळवलेच गेले नाही.

१०/ अशा निसटलेल्या नावांचा शोध अलीकडे ‘इन फ्रॉम द कोल्ड’ या प्रकल्पाचे स्वयंसेवक घेत आहेत. मृत्यूचा दाखला, सेवापुस्तिका, गॅझेटमधील नोंद आणि दफनाची वही हे सारे जुळवून प्रकरण सादर केले जाते. पुरावा पटला तर नाव अधिकृत नोंदवहीत येते. कबर सापडत नसेल, तर सरे परगण्यातील ब्रुकवूड येथील १९१४-१९१८ स्मारकावर ते कोरले जाते.

११/ ज्यांचे कागदच नव्हते, त्यांचे काय? २०२१ मध्ये कमिशनच्याच विशेष समितीने अहवाल दिला. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, कदाचित ३,५०,००० पर्यंत जणांचे, नावानिशी किंवा अजिबातच स्मरण झालेले नाही. यांत बहुतांश आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतील लोक होते. आणखी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान झाले. त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. समान शिळेचे तत्त्व युरोपात कसोशीने पाळले गेले, साम्राज्यात इतरत्र नाही.

१२/ या इतिहासाचा एक धागा पुण्यात येतो. ‘इंडियन आर्मी रिझर्व्ह ऑफ ऑफिसर्स’ या यादीत युद्धापूर्वी जेमतेम चाळीसेक नावे होती. युद्धकाळात ती हजारोंवर गेली. त्यांत भारतात वसलेले मळेवाले, अभियंते, व्यापारी असे युरोपीय होते. भारताच्या छावण्यांत रोगराईने मरणारे सैनिक आणि अधिकारी थोडे नव्हते. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतील १९१४-१९१८ स्मारकावर भारतात मृत्यू पावलेल्या १,८०० हून अधिक जणांची नावे आहेत. त्यांतील ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून येथे आणले गेले. पुण्यात असाल तर ही नावे सावकाश वाचा. ती वाचताना कोणत्याही लढाईचे नाव शोधू नका. यांतील बहुतेकांची लढाई तापाशी होती.