‘डूम’ची वॅड फाईल आणि चाहत्यांनी रचलेले नकाशे

१/ जुना खेळ नव्या रूपात बाजारात आला की चर्चा होते ती चित्रांच्या झळाळीची. पण त्या खेळावर चाहत्यांनी वर्षानुवर्षे रचलेल्या हजारो लेव्हल्सचे पुढे काय होते? त्या कोणाच्या मालकीच्या? या प्रश्नाचा जुना आणि समृद्ध इतिहास ‘डूम’ या खेळाचा आहे. त्याचाच हा धागा. 🧵

२/ १० डिसेंबर १९९३. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ‘इड सॉफ्टवेअर’ नावाची लहानशी कंपनी होती. तिने ‘डूम’चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर मोफत ठेवला. उतरवून घेणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की विद्यापीठाचे जाळे कोलमडले. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्या खेळाच्या पोटात दडलेला एक निर्णय मात्र त्याहून महत्त्वाचा होता.

३/ त्याआधीच्या वर्षी याच कंपनीचा ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ आला होता. त्यात चाहत्यांनी परस्पर फेरफार केले, परंतु त्यासाठी मूळ फाईलवरच नवी फाईल लिहावी लागे. मूळ खेळ त्यामुळे नष्ट होई. जुन्या पोथीत क्षेपक घालताना मूळ ओव्याच खरवडून काढाव्यात, तसा हा प्रकार होता.

४/ मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी ‘डूम’साठी यावर तोडगा काढला. खेळ चालवणारे यंत्र, म्हणजे इंजिन, एका बाजूला. नकाशे, चित्रे आणि आवाज दुसऱ्या बाजूला, ‘वॅड’ नावाच्या स्वतंत्र फाईलमध्ये. कंपनीची मूळ फाईल ती ‘आयवॅड’. चाहत्याची जोडफाईल ती ‘पीवॅड’. पीवॅडमध्ये जेवढे नवे असेल तेवढेच इंजिन त्यातून उचलते आणि बाकीचे मूळ फाईलमधून घेते. मुळाला धक्काही लागत नाही.

५/ कंपनीतील सर्वांनाच हे रुचले नव्हते. लोक आपल्या मालावर आपले हात चालवणार, मग धंद्याचे काय? अखेर चाहत्यांना विनंती करण्यात आली की त्यांची साधने मोफत भागावर चालू नयेत, विकत घेतलेल्या पूर्ण खेळावरच चालावीत. चाहत्यांनी ती मानली. ही समजूत करारपत्रापेक्षा भल्या विश्वासावर अधिक उभी होती.

६/ मग लोक कामाला लागले. कंपनीने फाईलची रचना समजावून सांगण्यापूर्वीच चाहत्यांनी ती उलगडून काढली होती. जानेवारी १९९४ मध्ये ‘डीईयू’ हे नकाशे संपादित करण्याचे साधन आले. ते न्यूझीलंड आणि बेल्जियममधील हौशी मंडळींनी मिळून घडवले होते. मार्चमध्ये पहिला ज्ञात नवा नकाशा अवतरला. त्यात जेमतेम दोन खोल्या आणि मधले दार! तरीही मूळ रचनाकारांच्या बाहेरील कोणीतरी ‘डूम’मध्ये भिंत उभारली होती.

७/ हे इतके सुकर का झाले, हेही पाहण्याजोगे आहे. ‘डूम’चे जग दिसायला त्रिमितीय असले तरी त्याचा नकाशा कागदासारखा सपाट असतो. रेघा ओढायच्या, त्यांनी वेढलेल्या प्रत्येक भागाला जमिनीची आणि छताची उंची द्यायची. एका खोलीवर दुसरी खोली रचताच येत नाही. या मर्यादेमुळेच एखादा विद्यार्थी एका संध्याकाळी स्वतःचा किल्ला बांधू शकत होता. पुढच्या काळातील खेळ अधिक वास्तव झाले आणि हौशी माणसाच्या आवाक्यातून तितकेच दूर गेले.

८/ या हौशी नकाशांनी काहींना नोकरी दिली. टिम विलिट्स यांची चाहते म्हणून रचलेली कामे पाहून इडने त्यांना बोलावले. पुढे ते त्याच कंपनीत वरच्या पदावर पोहोचले.

९/ पहिली ठिणगी १९९५ मध्ये पडली. ‘टीमटीएनटी’ या चाहत्यांच्या गटाने ३२ नकाशांचा ‘इव्हिल्यूशन’ हा संच सिद्ध केला आणि तो मोफत मिळणार असे जाहीर केले. प्रसिद्धीच्या ऐन तोंडावर इडने तो विकत घेतला. वाट पाहणारे संतापले. त्यांच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. १९९६ मध्ये तोच संच, कसाली बंधूंच्या ‘प्लुटोनिया’सह, ‘फायनल डूम’ म्हणून दुकानात आला. संताप समजण्यासारखा आहे, पण निर्मात्यांना आपल्या श्रमाचा मोबदला मिळाला, हे त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही.

१०/ २३ डिसेंबर १९९७ रोजी इडने ‘डूम’चा सोर्स कोड खुला केला. आवाजाची प्रणाली दुसऱ्यांच्या मालकीची असल्याने डॉसऐवजी लिनक्सची आवृत्ती द्यावी लागली. १९९९ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. दरम्यान, १९९८ मध्ये त्याच टीमटीएनटीने ‘बूम’ नावाचे सुधारित इंजिन बनवले. जुन्या मर्यादा हटल्या, नकाशाकारांना नव्या युक्त्या मिळाल्या, आणि ‘बूम’चे नियम हा एक अनधिकृत मानदंड होऊन बसला.

११/ उलट उदाहरणही आहे. ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) सोबत ब्लिझार्डने नकाशे रचण्याचे साधन दिले होते. त्यातून चाहत्यांनी ‘डोटा’ घडवला, आणि त्याचा उत्तराधिकारी ‘डोटा २’ व्हॉल्व्ह या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. २०२० मध्ये ‘रिफोर्ज्ड’ हे नवे रूप आले, तेव्हा सोबत नियमही आला: खेळाडूने रचलेला प्रत्येक नकाशा ब्लिझार्डच्या मालकीचा. दुधाने तोंड पोळले होते. ताक फुंकून प्यायले गेले. पण भाजले कंपनीला, आणि फुंकर बसली ती निरपराध नकाशाकारांना.

१२/ ‘डूम’ने दुसरी वाट धरली. २०२० पासून नव्या आवृत्तीत निवडक चाहत्यांचे संच अधिकृतपणे मोफत मिळू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओच्या सहभागाने ‘डूम + डूम २’ हा एकत्रित खेळ आला. त्याला ‘बूम’चे नियम समजतात! चाहत्यांनी सव्वीस वर्षांपूर्वी घातलेला पायंडा मूळ मालकाने स्वीकारला. शिवाय खेळातूनच, अगदी कन्सोलवरही, इतरांचे नकाशे उतरवून घेण्याची सोय झाली.

१३/ आणि त्याच सोयीने जुना प्रश्न पुन्हा उभा केला. काही दिवसांतच असे दिसू लागले की अनेक नकाशे मूळ रचनाकारांनी नव्हे, तर भलत्यांनीच, परवानगीविना, आपापल्या खात्यांवरून चढवले आहेत.

१४/ १९९४ पासूनची रूढी वेगळी होती. वॅडसोबत एक साधी मजकुराची फाईल जोडलेली असे. तीत रचनाकाराचे नाव, किती वेळ लागला, कोणाची मदत झाली याची नोंद असे. तळाशी एक ठरावीक ओळ असे, आणि हा नकाशा पायाभूत धरून दुसऱ्यांनी नवे काही रचावे की नाही, हे रचनाकार तिथे स्वतः सांगत असे. जुन्या वॅड संग्रहांत त्या फाईली आजही नकाशांच्या शेजारी जपलेल्या आहेत.