संशोधनाचा आराखडा आणि मतभेदाचा अवकाश

पीएच.डी.च्या संशोधनाचा आराखडा जाणकारांसमोर मांडणे हा आज आपल्या विद्यापीठांत बहुधा प्रशासकीय टप्पा मानला जातो. वस्तुतः या मांडणीचे मूळ प्रशासनात नसून अध्यापनपद्धतीत आहे. हाले येथे वोल्फ यांनी १७८७ मध्ये सुरू केलेला अभिजात भाषाविद्येचा सेमिनार आणि पुढे बर्लिनमधील रांके यांचे इतिहासविषयक अभ्यासवर्ग यांनी विद्यार्थ्याला श्रोत्याच्या जागेवरून उठवून प्रतिपादकाच्या जागी उभे केले. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही पद्धती अमेरिकेत रुजविली.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या परंपरेतील महत्त्वाचा प्रसंग ९ मे १९१६ चा आहे. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. काटेकोर अर्थाने तो पदवीसाठीचा आराखडा नव्हता. तरीही आराखड्याकडून ज्या अपेक्षा करावयाच्या त्या सर्व तो पूर्ण करतो. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तो क्रमाने तपासतो. जन्मसिद्ध सदस्यत्व आणि जातीबाहेरील विवाहाचा निषेध अशी दोन लक्षणे केतकरांनी सांगितली होती. ही दोन लक्षणे नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असे दाखवून आंबेडकर जातिअंतर्गत विवाह हे जातीचे मूलतत्त्व ठरवितात. आपले प्रतिपादन असमर्थनीय ठरल्यास ते सोडून देण्याची तयारीही ते अखेरीस नोंदवितात. १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथास प्रस्तावना लिहिताना एडविन कॅनन यांनी आपले मतभेद उघडपणे नमूद केले आणि तरीही त्या विवेचनातील ताजेपणाची दाद दिली.

आपल्याकडे विद्यापीठे आली ती निराळ्या वाटेने. १८५७ चे मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारे होते. त्यामुळे निर्णय देणारी यंत्रणा आधी आली. वादाची जागा मागाहून शोधावी लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी विभागात खुले सादरीकरण आवश्यक केले. २०१६ च्या नियमांनी आराखडा तपासण्याचे काम संशोधन सल्लागार समितीकडे सोपविले, आणि २०२२ च्या नियमांनी प्रत्येक सत्रात समितीसमोर उपस्थित राहण्याची तरतूद केली.

सेमिनारचा बाह्य आकार अशा रीतीने परत आला. परंतु ‘अमुक लेखकाच्या समग्र वाङ्मयाचा चिकित्सक अभ्यास’ या साच्यातील आराखड्यात खंडन करता येईल असे विधानच नसते. मग समितीजवळ सुचविण्यासारखे उरते ते प्रकरणांचा क्रम, कालखंडाची मर्यादा आणि संदर्भसूची एवढेच. विद्यार्थी सुरक्षित राहतो, पण त्याचा विचार कसोटीला लागत नाही. समितीची औपचारिकता हा या स्थितीचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा आराखड्याच्या भाषेत आहे. १९१६ च्या त्या निबंधावर वाद घालता येतो, कारण त्यात पूर्वसूरींशी नेमका मतभेद आहे आणि तो चूक ठरू शकेल अशा शब्दांत मांडलेला आहे. मराठी विभागांतील आराखडे या निकषावर वाचले जाऊ लागले, तर नियमांनी उपलब्ध करून दिलेल्या जागेचा खरा उपयोग होईल.