डिजिटल प्रतिकृतीपासून सादरकर्त्यांचे संरक्षण (भारत)

गायक, नट, निवेदक आदी सादरकर्त्यांचा आवाज, चेहरा वा लकब यांची त्यांच्या संमतीवाचून संगणकीय साधनांनी केलेली हुबेहूब नक्कल रोखणारे नियम व न्यायालयीन आदेश हा या लेखाचा विषय आहे. भारतात यासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. उपलब्ध संरक्षण मुख्यतः न्यायालयांनी मान्य केलेल्या व्यक्तिमत्त्व हक्कांवर आणि अंशतः प्रताधिकार अधिनियम, १९५७ वर आधारलेले आहे.

प्रताधिकार अधिनियम

या अधिनियमाचे कलम ३८ सादरकर्त्यास त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांपर्यंत हक्क देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८ख नुसार सादरीकरणाची विटंबना किंवा प्रतिष्ठेस बाधक असा फेरफार झाल्यास त्याला दाद मागता येते. मात्र हे संरक्षण सादरीकरणाला आहे, आवाजाला नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या गाण्यात मूळ गायकाने एकही स्वर लावलेला नसतो. मग त्याचे नेमके कोणते सादरीकरण वापरले गेले, हे दाखवणे अवघड होते. यंत्राला शिकवण्यासाठी जुनी ध्वनिमुद्रणे वापरली, असा युक्तिवाद करता येतो. परंतु त्यांचा प्रताधिकार बहुधा ध्वनिमुद्रण कंपनीकडे असतो.

व्यक्तिमत्त्व हक्क

ही उणीव न्यायालयांनी भरून काढली. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य (१९९४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नाव वा प्रतिमेच्या विनासंमती जाहिरातीतील वापराचा संबंध खासगीपणाच्या हक्काशी जोडला. दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन (२०२२) व अनिल कपूर (२०२३) यांना अंतरिम मनाई हुकूम दिले. कपूर यांच्या खटल्यात ‘झकास’ या त्यांच्या खास उद्गाराचाही विचार झाला. शब्द मराठीच्या रोजच्या बोलण्यातला असल्याने तो चर्चेचा विषय ठरला. मनाई अर्थातच व्यापारी गैरवापरापुरती आहे.

अरिजित सिंग खटला

आवाजाच्या प्रतिकृतीबाबत सर्वाधिक महत्त्वाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रियाझ छागला यांनी जुलै २०२४ मध्ये दिला. प्रतिवादींपैकी काहींनी कोणाच्याही आवाजाचे अरिजित सिंग यांच्या आवाजात रूपांतर करणारी साधने उपलब्ध करून दिली होती. असे साधन संमतीवाचून पुरवणे हाच प्रसिद्ध व्यक्तीच्या हक्काचा भंग आहे, असे प्रथमदर्शनी मत न्यायालयाने नोंदवले. म्हणजे बनावट गाणे तयार करणाऱ्याबरोबर साधन पुरवणाराही जबाबदार धरला गेला. नाव, छायाचित्र व स्वाक्षरीसोबत गायनशैली आणि गायनतंत्रालाही संरक्षण मिळाले. सिंग यांनी अनेक वर्षे जाहिराती जाणीवपूर्वक टाळल्या होत्या, याचीही नोंद आदेशात आहे. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले.

मर्यादा

यांतील बहुतेक आदेश अंतरिम आहेत. व्यक्तिमत्त्व हक्क मृत्यूबरोबर संपतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांत सिंह राजपूत यांच्या संदर्भात म्हटले. शिवाय वादी प्रसिद्ध असणे हा या दाव्यांचा पाया असल्याने, ज्यांचा आवाज सर्वांना परिचित पण नाव अज्ञात असते, अशा डबिंग कलाकारांना याचा लाभ मिळणे कठीण आहे. त्यांची भिस्त मुख्यतः करारावर राहते. चित्रपटासाठी लेखी संमती दिल्यावर, करारात वेगळे काही नसल्यास, निर्मात्याने त्या चित्रपटात सादरकर्त्याचा हक्क उपभोगण्यास हरकत घेता येत नाही. व्यापारी वापरासाठी मानधनाचा हक्क कलम ३८क राखून ठेवते. मात्र त्याच आवाजावरून यंत्राने तयार केलेले नवे संवाद त्यात येतात की नाही, याविषयी ते कलम मौन बाळगते.