बेदाणा उद्योग: गावाचा फायदा आणि तुमचा हिशेब

द्राक्षाचे दर पडले की बागायतदाराला मिळेल त्या भावाने माल द्यावा लागतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात बेदाणा शेडमुळे दुसरा पर्याय तयार झाला. शेडमागे डिपिंग, वाळवणी, प्रतवारी, पॅकिंग, शीतगृह आणि वाहतूक अशी कामे उभी राहतात. मजुरी व नफ्याचा पैसा परिसरातच फिरतो.

मात्र आधी हिशेब करा. साधारण ४ किलो द्राक्षांपासून १ किलो बेदाणा मिळतो. समजा, बेदाण्याचा दर १६० रुपये आणि प्रक्रिया, साठवण व व्याजाचा खर्च किलोला ४० रुपये आहे. उरलेल्या १२० रुपयांना ४ ने भागल्यास द्राक्षाला ३० रुपये पडतात. ताज्या द्राक्षाचे याहून जास्त पैसे हातात येत असतील, तर ताजा माल विका. स्वतःची शेड उभारण्यापूर्वी एक हंगाम भाड्याच्या शेडवर काढा.